ऐरोलीत 'कॉर्पोरेट अमेंडमेंट्स'च्या प्रोसेसमध्ये जॉब मिळतोय, नक्की काम काय असतं? घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की बीकॉम झालंय, राहायला कळव्याला, ऐरोलीच्या एका ऑफिसमधून अमेरिकन इन्शुरन्स कंपन्यांच्या प्रोसेससाठी कॉल आलाय आणि एचआरने "फाइलिंग सपोर्ट" एवढंच सांगितलंय, तर ही डेटा एन्ट्रीच आहे का. मी ठाण्यात राहते, बरीच वर्षं याच लाइनमध्ये आहे. कंपनीचं नाव काढत नाही, कामाचं सांगते.

डेटा एन्ट्री आहे पण आणि नाही पण, तुम्हाला कुठला तुकडा मिळतो त्यावर आहे. ते शेवटी बोलू.

आधी एक गोष्ट समजून घ्या कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. आपल्याकडे इन्शुरन्सला एकच रेग्युलेटर, हैदराबादची आयआरडीएआय. अमेरिकेत हा विषय राज्यांकडे आहे, 1945 च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने तो त्यांच्याकडेच ठेवला, म्हणजे प्रत्येक राज्याचं वेगळं इन्शुरन्स डिपार्टमेंट, वेगळा कमिशनर, वेगळी फी आणि वेगळं लायसन्स, त्याला सर्टिफिकेट ऑफ ऑथॉरिटी म्हणतात. कंपनी पन्नास राज्यांत धंदा करत असेल तर पन्नास सर्टिफिकेट, वॉशिंग्टन डीसीचं अजून वेगळं. एनएआयसी म्हणून एक संस्था आहे, 1871 पासूनची, पण ती रेग्युलेटर नाही, या सगळ्या कमिशनर लोकांची संघटना आहे. इंटरव्ह्यूत "एनएआयसी अप्रूव्हल देते" असं बोललात की समोरच्याला कळतं याने काल रात्री गुगल केलंय. एनएआयसीने फॉर्म एकसारखे करून दिले, त्या सेटला यूसीएए म्हणतात. नवी कंपनी असेल तर प्रायमरी, आहे त्या कंपनीला आणखी राज्यांत जायचं असेल तर एक्स्पान्शन, आणि लायसन्स असलेल्या कंपनीत काही बदललं की कॉर्पोरेट अमेंडमेंट. फॉर्म तोच, पण अप्रूव्ह करायचं की नाही, अजून काय काय मागायचं, हे प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं.

आता बदल म्हणजे काय. नाव बदललं, पत्ता बदलला, मर्जर झालं, नवीन प्रकारचा इन्शुरन्स विकायचाय किंवा जुना बंद करायचाय, किंवा कंपनीने आपलं 'घरचं' राज्यच, म्हणजे जिथे ती मुळात नोंदलेली आहे ते, बदललं, त्याला रीडोमेस्टिकेशन म्हणतात. नव्या मुलांना मी नेहमी एकाच कंपनीचं उदाहरण देते कारण त्यात सगळंच येऊन जातं. कनेक्टिकट राज्यातली ट्रॅव्हलर्स इन्शुरन्स कंपनी, एकोणिसाव्या शतकातली. 2005 मध्ये सिटीग्रुपने ती मेटलाइफला विकली, मालक बदलला. 2006 मध्ये तिचं नाव झालं मेटलाइफ इन्शुरन्स कंपनी ऑफ कनेक्टिकट. 2014 मध्ये ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपन्या तिच्यात मर्ज केल्या, घर कनेक्टिकटहून डेलावेअरला हलवलं आणि नाव परत बदललं, मेटलाइफ इन्शुरन्स कंपनी यूएसए. 2017 मध्ये मेटलाइफने तो धंदा वेगळा काढला तेव्हा तिसऱ्यांदा नाव, ब्राइटहाउस लाइफ. आणि एवढं सगळं होऊनही कायद्याने कंपनी तीच, जुन्या पॉलिसीची जबाबदारी तिचीच. लग्नानंतर नाव-गाव बदललेल्या बाईचं आधार, पॅन, बँक, गॅस कनेक्शन सगळीकडे बदलत बसावं लागतं ना, तसंच, फक्त इथे प्रत्येक खिडकीवरचा साहेब वेगळ्या राज्याचा.

यातली मालक बदलायची परवानगी मात्र आपल्या फॉर्मावर मिळत नाही, त्याला फॉर्म ए लागतो, होल्डिंग कंपनी कायद्याखाली. दहा टक्के किंवा जास्त व्होटिंग शेअर हातात आले की कंट्रोल आलं असं धरतात आणि घरच्या राज्याच्या कमिशनरची आधी परवानगी लागते, आधी म्हणजे आधी, शेअर घेऊन झाल्यावर नाही. बाकीच्या राज्यांत फॉर्म ई लागू शकतो, स्पर्धेवर काय परिणाम होईल ते दाखवायला. हे सगळं तिकडचे वकील बघतात, आपल्याकडे येतं ते त्यानंतरचं, म्हणजे नवीन डायरेक्टर आले, ऑफिसर आले, त्यांचे बायोग्राफिकल ॲफिडेव्हिट.

हे बायो म्हणजे डोक्याला ताप. त्यात वीस वर्षांचा नोकरीचा इतिहास, दहा वर्षांचे राहण्याचे पत्ते, सही नोटरीसमोर, वर बाहेरच्या एजन्सीकडून बॅकग्राउंड चेक. मोठ्या पोस्टवरचा माणूस 2009 मध्ये चार महिने काय करत होता हे त्याला स्वतःला आठवत नसतं आणि आपण ऐरोलीत बसून त्याच्या सेक्रेटरीला मेल टाकत असतो की सर, मार्च ते जुलै गॅप आहे. गॅप ठेवून पाठवलं की हमखास डेफिशियन्सी लेटर येतं, म्हणजे काय कमी आहे ते सांगणारं राज्याचं पत्र.

खरं काम सांगू का, क्रम आणि जुळवाजुळव, बाकी काही नाही. क्रम म्हणजे समजा नाव बदलायचंय, तर घरच्या राज्याने बदललेले आर्टिकल्स, म्हणजे कंपनीच्या स्थापनेचा मूळ कागद, मंजूर केले पाहिजेत, त्याची सर्टिफाइड कॉपी हातात आली पाहिजे, मग बाकीच्या राज्यांची गाडी सुटते. पण बाकीच्या राज्यांत ते नाव चालेल का हे मात्र त्याआधीच बघून ठेवावं लागतं, कारण तिथे मिळत्याजुळत्या नावाची दुसरी कंपनी असेल तर ते राज्य अडवतं आणि तोपर्यंत घरच्या राज्यात नाव बदलून झालेलं असतं. मग प्रत्येक राज्य आपापल्या वेगाने उत्तर देणार, कोणी आठवड्यात, कोणी महिनोन्महिने, आणि तोवर तुमच्या एक्सेल ट्रॅकरवर अर्धी राज्यं हिरवी, अर्धी पिवळी. पॉलिसीच्या फॉर्मवरचं नाव बदलायला परत सर्फ नावाच्या दुसऱ्या सिस्टीमवर वेगळं फाइलिंग, ती टीम वेगळी, त्यांना तुमच्याकडून तारखा हव्या असतात, रोज.

जुळवाजुळव म्हणजे आर्टिकल्समध्ये नाव "कंपनी" असं पूर्ण लिहिलंय आणि फॉर्मवर "को." लिहिलं, परत आलं. बोर्ड रेझोल्यूशनची तारीख आर्टिकल्सवरच्या तारखेनंतरची, परत आलं. समन्स कोणी घ्यायचं त्याचा जो कन्सेंट फॉर्म असतो त्यावर जुन्या सेक्रेटरीची सही, परत आलं. नाव बदललं तरी एनएआयसीचा पाच आकडी कोड तोच राहतो, म्हणून कुठलाही कागद हातात आला की मी आधी कोड बघते मग नाव, कारण एका ग्रुपमध्ये एकसारख्या नावाच्या सहा-सात कंपन्या असतात आणि न्यूयॉर्कसाठी बऱ्याच ग्रुपची कंपनीच वेगळी असते. गंमत म्हणजे जुनं ओरिजिनल सर्टिफिकेट परत मागणारी राज्यं पण आहेत आणि ते पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं, कुठल्या गोडाउनात आहे कोणालाच माहीत नसतं. त्यासाठी "हरवलं" असं लिहून द्यायचा ॲफिडेव्हिट चक्क यूसीएएच्या सेटमध्येच आहे, यावरून काय ते समजा.

फीचा एक प्रकार लक्षात ठेवा, रिटॅलिएटरी. म्हणजे तुमचं राज्य आमच्या कंपन्यांकडून जास्त घेतं ना, मग आम्ही पण तुमच्या कंपनीकडून तेवढीच घेणार. त्यामुळे एकाच राज्यात दोन कंपन्यांची फी वेगळी निघू शकते, मागच्या फाइलमधून आकडा कॉपी-पेस्ट करायचा नाही.

शिफ्टचं बोलायचं तर न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात, त्यामुळे दुपारी जाऊन रात्री उशिरा सुटायचं, ट्रान्स-हार्बरने जाणं सोपं पण परत येताना कॅब आहे का ते आधी विचारा, कळवा रूटवर आहे का तेही विचारा. सुट्ट्या तिकडच्या. दिवाळीत एखाद-दुसरा दिवस मिळतो, थँक्सगिव्हिंगला आपोआप. त्यांचं दुसऱ्या क्वार्टरचं स्टेटमेंट 15 ऑगस्टला ड्यू असतं, ते आपलं काम नाही पण त्याच्या पहिल्या पानावर ऑफिसर्सची नावं असतात आणि ती आपल्या फाइलशी जुळली पाहिजेत, म्हणून झेंडावंदन करून लॉगिन करणारे आमच्याकडे आहेत.

आता घ्यावा का. इंटरव्ह्यूत तुम्हीच विचारा, डेफिशियन्सी लेटरला उत्तर कोण ड्राफ्ट करतं, इथली टीम की तिकडची? इथली असेल तर डोळे झाकून घ्या, कारण राज्याने काय अडवलं, का अडवलं हे वाचूनच हे काम येतं, आणि वर्षा-दोन वर्षांत आपल्याकडच्या विमा कंपन्यांच्या कम्प्लायन्समध्ये पण जाता येतं, सोबत सीएस (कंपनी सेक्रेटरी) करत असाल तर उत्तमच. तिकडची असेल आणि इथे फक्त पीडीएफ भरून अपलोड करायचं असेल, तर पगार चांगला असला तरच घ्या आणि सहा महिन्यांनी आतल्या आत दुसऱ्या टीममध्ये जाता येतं का हे ऑफर लेटरवर सही करायच्या आधी क्लिअर करून घ्या. आणि हो, ट्रेनिंग पिरियडमध्ये कॅब मिळते का तेही विचारा, ते कोणी सांगत नाही.