चार वाजताचा गजर लावण्याआधी

आयुर्वेदातल्या दिनचर्येवर आलेल्या पत्रांत एकच हुरहूर दिसते: 'पुस्तकात लिहिलंय तसं आमच्याकडून होत नाही.' यावेळी त्यातली चार पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : यावल तालुक्यात माझी केळी आहे. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत पाणी देऊन यायला साडेतीन होतात. सगळे सांगतात, ब्राह्ममुहूर्तावर उठा. कसं उठू?

दादा, त्या आठवड्यात उठू नका. पहाटे उठावं असं सांगताना आयुर्वेदाचे जुने आचार्य वाग्भट यांनी 'स्वस्थ', म्हणजे निरोगी, माणसाला उठायला सांगितलंय. जागरण झालेल्यासाठी त्यांच्या अष्टांगहृदय या ग्रंथातच वेगळी सोय आहे : जितकी झोप बुडाली त्याच्या निम्मी सकाळी घ्यावी, तीही न जेवता. एरवी तुम्ही दहा ते पाच झोपत असाल, तर साडेपाच तास बुडाले. म्हणजे पाचच्या पुढे आणखी पावणेतीन तास, पावणेआठपर्यंत निवांत झोपा. खोलीत अंधार करा आणि फोन घरच्यांकडे द्या.

'न जेवता' हा भाग मात्र सोडू नका. आमच्या दवाखान्यात रात्रपाळीचे शेतकरी पोट बिघडल्याची तक्रार घेऊन येतात. विचारलं की कळतं, रात्री एकला बांधावर शेव-मुरमुरे आणि चहा, घरी आल्यावर उरलेली भाकरी-भाजी, आणि लगेच आडवं. ते अन्न पचणार कधी? शेतात जाण्याआधी आठला जेवून घ्या. मध्ये भूक लागलीच तर मूठभर लाह्या पुरेत. दोन्ही आठवड्यांत दोन्ही जेवणांची वेळ तीच ठेवा. झोप हलली तरी जेवणाचा खुंटा हलवायचा नाही. तुमची दिनचर्या त्या खुंट्याला बांधलेली राहील.

आणखी एक. रात्री निघावंच लागलं तर हातात काठी, डोक्याला बांधलेलं आणि सोबत माणूस असावा, असं त्याच दिनचर्येच्या अध्यायात आहे. तुम्ही त्यात बॅटरी आणि गमबूट घाला. केळीच्या बागेतला साप अंधारात दिसत नाही.

प्रश्न : धुळ्यात राहते, वय 38. सकाळी उठल्या उठल्या कढत पाण्यात लिंबू-मध घेते, दीड लिटर पाणी पिते, तरी पित्त उसळतं. जेवायला दुपारचे तीन होतात. काय चुकतं?

ताई, उत्तर तुमच्याच पत्रात आहे : तीन वाजतात.

मागे एक बाई पित्ताच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या. काल काय खाल्लं, म्हटल्यावर सांगितलं, 'कळण्याची अर्धी भाकरी न् ठेचा.' कधी? 'सगळ्यांचं आवरल्यावर.' कुठे बसून? त्या हसल्या. ओट्यापाशी उभ्यानंच, गार झालेली. सहा वाजल्यापासून डबे, भाजी, धुणं, आणि मधे तीनदा चहा. दुपारी बारा-एकला पित्ताचा काळ असतो, भूक भडकलेली असते. तेव्हा तिला अन्न मिळालं नाही आणि तीनला थंड भाकरीवर तिखट ठेचा पडला, तर छाती जळणारच. गोळ्यांच्या आधी त्यांना एवढंच सांगितलं, की बाराला गरम भाकरी, साधं वरण, वर तूप, आणि खाली बसून.

हे काम एकट्या तुमचं नाही. घरातल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितो : स्वयंपाक करणारीचं ताट पहिल्या पंगतीत वाढा.

तीनवरून एकदम बारावर येऊ नका. चरकसंहितेत सवय पाव-पाव हिश्श्याने बदलायला सांगितली आहे. चार-पाच दिवस सव्वादोन, मग दीड, असं पाऊण-पाऊण तासाने सरका. दीड लिटर पाणी बळेच पिऊ नका, तहान सांगेल तेवढंच. मध कढत पाण्यात घालायचा नसतो, तो बंद. महिनाभरात फरक नाही पडला, वजन उतरलं किंवा शौचाला काळी झाली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

प्रश्न : भुसावळच्या उन्हात मे महिन्यात दुपारी डोळा लागतोच. दिवसा झोपणं वाईट ना?

एरवी वाईट, ग्रीष्मात नाही. आपल्याकडे पारा 45च्या घरात जातो, रात्र आखडते, अंग कोरडं पडतं. म्हणून शास्त्राने या एका ऋतूत दुपारची झोप मोकळी केली आहे. जेवून शतपावली, थोडं बसणं, मग तासभर झोप. अंगात मेद किंवा कफ फार असेल त्यांनी मात्र उन्हाळ्यातही टाळावी. मृगाचा पाऊस पडला की बंद. व्यायामही या दिवसांत हलका ठेवा, पहाटेचं चालणं पुष्कळ झालं.

प्रश्न : रोज अंगाला तेल लावायला वेळ नाही. काही उपाय?

डोकं, कान, तळपाय. या तीन जागी विशेष करून तेल लावावं, असं वाग्भटांनीच म्हटलंय; सर्वांगाला जमत नसेल तर एवढ्यावर तरी जिरवा. मी रात्री तळपायाला तिळाचं तेल लावायला सांगतो, पाच मिनिटांचं काम. ताप असेल किंवा अपचन झालं असेल त्या दिवशी नको. तळवे पुसूनच फरशीवर पाय टाका, म्हाताऱ्या माणसांचे तर तुम्ही स्वतः पुसून द्या. आणि कानातून पाणी किंवा पू येत असेल, तर तिथे तेलाचा एक थेंबही घालू नका.