नवी बॅटरी, तरी गाडी नुसती ‘टक्‌’

प्रश्न : आमची गाडी चौदा वर्षांची. नेमकी मुलांच्या शाळेच्या वेळी नुसती ‘टक्‌’ करते, सुरूच होत नाही. बॅटरी नवीच आहे. बाबा गाडी विकू देत नाहीत, बायको तिच्यात बसायला तयार नाही. काय करू?

उत्तर : घरातलं भांडण तुमचं तुम्ही मिटवा; मी बॉनेटखालचं बघतो. एकच ‘टक्‌’ म्हणजे बहुतेकदा स्टार्टरला (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) पुरेसा करंट मिळत नाही. आधी बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे वायरी जोडायची टोकं, बघा. पांढरी-हिरवट पूड साचली असेल तर हातमोजे घालून निगेटिव्ह वायर आधी सोडा, खायच्या सोड्याच्या पाण्याने घासा, कोरडं करा. जोडताना निगेटिव्ह शेवटी. मग बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत, इंजिन चालू असताना साधारण 14. चालू गाडीतही 12च दिसले, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, बॅटरी चार्ज करत नाहीये. उगाच बॅटऱ्या बदलत बसू नका. दोन्ही आकडे ठीक, तरी ‘टक्‌’? मग दोष अर्थच्या वायरीत (बॅटरीची निगेटिव्ह बाजू गाडीच्या बॉडीला जोडणारी) किंवा खुद्द स्टार्टरमध्ये.

यातल्या कशापायीही गाडी विकायची गरज नाही. मात्र खाली चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, गंजून भोकं पडली असतील, तर बाबांना टॉर्च मारून दाखवा. तिथे मी सूनबाईंच्या बाजूने.