सातपुड्यातील दुर्गम पाड्यावरचे जीवन प्रत्यक्षात कसे असते?

सातपुड्यात रस्ता संपल्यावरही पुढे जी आदिवासी गावे आहेत तेथे लोक कसे राहतात, आणि बातम्यांत दिसते तेवढी हलाखी खरोखर असते का, असे आपण विचारले आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, पावरा समाजाच्या एका पाड्यावर, मी सहा वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. त्या अनुभवावरून उत्तर देताना पहिल्यांदा मनात येते ते हे, की आपण कोणत्या महिन्याबद्दल विचारत आहात? कार्तिकात कणग्या भरलेल्या असताना आलेला पाहुणा आणि जेठात पाण्याच्या झिऱ्यावर रांग लागलेली असताना आलेला पाहुणा, दोघेही खरेच सांगतील, पण त्यांची वर्णने एकाच गावाची आहेत असे वाटणार नाही.

आधी गाव म्हणजे काय ते सांगतो. एकाला एक लागून घरे, मध्ये चौक, पार असे चित्र तिकडे नाही. गाव अनेक पाड्यांचे असते आणि पाड्यावरही प्रत्येक घर आपापल्या शेतात, डोंगराच्या उतारावर सुटे उभे असते. माझ्या हजेरीपटावर एकाच गावची म्हणून नोंदलेली काही मुले तासभर चालून शाळेत येत. सागाचे खांब, बांबूचे शेणामातीने लिंपलेले कूड, वर कौले, आत एका बाजूला गुरे आणि दुसऱ्या बाजूला चूल, अशी घराची रचना असते. घर बांधायला किंवा शेत निंदायला मजूर लावत नाहीत. शेजारपाजारचे लोक येऊन एका दिवसात काम उरकतात, घरधनी जेवण घालतो आणि पुढे त्यांच्या कामाला जातो. याला तिकडे लाहा म्हणतात. शाळेची उडालेली कौलेही अशीच एका सकाळी बसवली गेली. माझा अर्ज मात्र पुढचे वर्षभर कार्यालयात फिरत होता.

पावसाळ्यात शेतात मका, ज्वारी, भगर, उडीद असे सगळे असते, पण जमीन उतारावरची आणि मातीचा थर पातळ, त्यामुळे पीक बहुधा एकच आणि तेही पावसावर. या जमिनीपैकी पुष्कळशी कागदोपत्री वनखात्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर, कुटुंबामागे ४ हेक्टरच्या मर्यादेत, नवरा-बायको दोघांच्या नावे हक्क मान्य करण्याची सोय केली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगला होता. तरुणपणी नाकेदाराला, म्हणजे वनरक्षकाला, कोंबडी दिल्याशिवाय नांगर धरता येत नसे, असे तो सांगे, आणि सांगताना हसे.

पावसाळा पोटापुरते देणारा असला तरी जिवाला घोर लावणाराही तोच. ओढे चढले की पाडा तुटतो, आणि चांदसैली घाटात दरड कोसळली की तळोद्याकडून धडगावला, म्हणजे आमच्या तालुक्याच्या ठिकाणी, येणारा रस्ताही बंद होतो. अशाच एका श्रावणातल्या रात्री एका बाईला कळा सुरू झाल्या आणि त्या थांबेनात. जाड बांबूला गोधडी बांधून झोळी केली, वरून खताची उसवलेली गोणी पांघरली, आणि चौघे जण खांदे बदलत डांबरी रस्त्याकडे निघाले. मला पुढे पाठवले, कारण रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा तर रेंज एकाच खडकावर मिळे, आणि तेथेही हात उंच करून फोन एका विशिष्ट दिशेला धरावा लागे. फोन लागला, गाडीही आली, पण ती ओढ्याच्या पलीकडे थांबली. मूल अलीकडच्या काठावर, बॅटरीच्या उजेडात, सासूच्या हातांत जन्मले. दोघेही वाचले. वर्तमानपत्रे या झोळीला 'बांबूलन्स' म्हणतात; तो शब्द मला कधी गमतीचा वाटला नाही.

दिवाळीनंतर पाडा रिकामा होऊ लागतो. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी जोडपीच्या जोडपी गुजरातेत ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुलांना मागे ठेवावे म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण लागतेच, आणि ती चौथीत असली तरी ट्रकमध्ये चढते. मार्चमध्ये माझ्या वर्गात निम्म्या पाट्या भिंतीला टेकून असत. परतलेल्या मुलांना मराठी पुन्हा पहिल्यापासून, कारण घरी पावरी आणि उसाच्या फडात गुजराती. मला पावरी येऊ लागल्यावरच माझे शिकवणे त्यांना कळू लागले, हेही मान्य केले पाहिजे.

होळीला मात्र बहुतेक जण येतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीबद्दल आपण ऐकले असेल. उंच बांबू उभारून रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. त्याविषयी जास्त लिहीत नाही, कारण तिकडची छायाचित्रे आपल्याला हवी तेवढी सापडतील.

ज्याची छायाचित्रे कोणी काढत नाही तो मोसम त्यानंतरचा. आधी मोहाची फुले वेचायची आणि मग कैऱ्या. एप्रिल-मेमध्ये घरातले सगळे कैऱ्या सोलायला बसतात, फोडी खडकावर, खाटेवर, जेथे ऊन असेल तेथे वाळत घालतात. हे आमचूर धडगावच्या बाजारात व्यापारी घेतो. अवकाळी पावसाची एक सर आली की फोडी काळ्या पडतात आणि भाव कोसळतो, म्हणून ढग दिसताच शाळेतली पोरे न विचारता घराकडे पळत. मीही त्यांना अडवणे सोडून दिले होते. सोलणाऱ्यांची बोटे चिकाने काळी होऊन भेगाळतात. त्याच दिवसांत हातपंप कोरडे पडतात आणि ओढ्याच्या पात्रात खणलेल्या झिऱ्यात वाटी-वाटीने पाणी साचायची वाट पाहावी लागते. बायका त्यासाठी पहाटे तीनला उठत.

सरकार तेथे पोहोचतच नाही असे मात्र नाही. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते आणि ते २०२३ पासून मोफत आहे. अडचण आधारशी जुळवायच्या अंगठ्याची. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले, पण आमच्या पाड्यावर अंगठ्याचे यंत्र रेंजसाठी डोंगरावर न्यावे लागे, आणि चिकाने खरखरीत झालेला अंगठा यंत्र ओळखत नसे. आमचुराच्या दिवसांत म्हणून पुष्कळजण म्हाताऱ्यांना किंवा मुलांना घेऊन धान्याला जात.

आपल्याला प्रत्यक्ष जायचे असेल तर शहाद्याहून धडगावपर्यंत एसटी आहे, पुढे जीप, आणि ती टपावर माणसे बसल्याशिवाय निघत नाही. मेमध्ये गेलात तर पाणी स्वतःचे न्या. कोणाच्या घरी उतरलात तर ते पहिल्यांदा पाण्याचा तांब्याच पुढे करतील, आणि तो नाकारता येत नाही.