नेहमीचा रस्ता खोदला, सराव कुठे करू?

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यात राहतो आणि पहाटे रोड सायकलवर सराव करतो. नेहमीचा रस्ता काँक्रिटीकरणासाठी खोदल्यामुळे सतत मार्ग बदलावा लागतो. वेगाची तुलना करता येत नाही आणि उत्साहही मावळला आहे. काय करावे?

उत्तर : मार्ग बदलला की सरासरी वेगाची तुलना निरर्थक ठरते, म्हणून सराव किलोमीटरऐवजी मिनिटांत आणि श्रमांत मोजावा : २० मिनिटे सैल पायांनी, मग बोलताना वाक्य तुटेल इतक्या जोराने ८ मिनिटांचे तीन टप्पे आणि मध्ये ४-४ मिनिटांची उसंत. आपल्या सपाट काळ्या मातीच्या मुलखात चढ नाही, ही नेहमीची तक्रार मला अर्धीच पटते. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा चढाइतकाच घाम काढतो, तेव्हा जाताना त्याला सामोरे जावे आणि थकल्यावर तो पाठीशी घेऊन परतावे. खरा चढ हवा असेल तर महिन्यातून एकदा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढावा. उतरताना मात्र वळणांवर वेग आवरावा. रस्त्याच्या खडी पडलेल्या भागांसाठी, फ्रेममध्ये बसत असतील तर, २८ मिलिमीटरचे टायर किंचित कमी हवा भरून वापरावेत.

प्रेरणेचे म्हणाल, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. तरीही रोजच्या पहाटेसाठी गावातला एखादा सोबती मला अधिक उपयोगी वाटतो. आठवड्यातून एकदा मार्ग त्याने ठरवावा आणि निघेपर्यंत तुम्हाला सांगू नये.