मुंबईत हवी ती सिंगल माल्ट का मिळत नाही?

तुम्ही विचारलंय की स्कॉटलंडमध्ये प्यायलेली स्प्रिंगबँक ही सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनवलेली व्हिस्की) दादर ते कुलाबा सगळी वाईन शॉप पालथी घालूनही मिळाली नाही, दुकानदार माल दडवून ठेवतात का. याच बाटलीसाठी मी तीन वर्षं फिरलोय. दुकानदारांवर राग काढू नका. त्यांच्या हातात यातलं फार थोडं आहे.

फोर्टमधल्या एका जुन्या दुकानाच्या मालकांनी मला काउंटरमागे बसवून सगळं समजावलं होतं. दारू हा राज्याचा विषय. परदेशातली बाटली कस्टम्समधून सुटली म्हणजे ती महाराष्ट्रात विकता येते असं नाही. तिचं लेबल राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मंजूर करून घ्यावं लागतं, त्याची फी भरावी लागते, आणि हा खटाटोप प्रत्येक लेबलसाठी वेगळा. बारा वर्षांची एक, पंधरा वर्षांची दुसरी. वर्षाला हजारो पेट्या खपणाऱ्या ब्रँडला हे परवडतं. पण स्प्रिंगबँक ही कॅम्पबेलटाउनमधली लहान डिस्टिलरी, बार्लीला मोड आणण्यापासून बाटली भरण्यापर्यंत सगळं तिथंच करते. तिचा माल जगभर वाटून संपतो. इथं दहा-वीस पेट्या येणार असतील तर आयातदार फी भरून कागदपत्रं कशाला करेल? ‘साहेब, लेबलच पास नाही तर मी आणू कुठून?’ हे त्यांचं वाक्य मला अजून आठवतं.

पैशाचा भाग वेगळा. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्यानं आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं आणि ओळखीच्या बाटल्या बऱ्याच स्वस्त झाल्या. दुर्मीळ बाटल्यांची अडचण मात्र तशीच राहिली. जपानी व्हिस्कीचं दुखणं आणखी निराळं. तिथं ऐंशीच्या दशकानंतर मागणी घसरली, डिस्टिलऱ्यांनी गाळप कमी केलं, आणि नंतर जगाला ती आवडू लागली तेव्हा पिंपांत जुना साठाच पुरेसा नव्हता. हिबिकी १७ ही सतरा वर्षं मुरवलेली जपानी व्हिस्की तर २०१८ मध्ये कंपनीनंच थांबवली. सतरा वर्षं मुरलेली दारू घाईनं बनत नाही.

मग करायचं काय? परदेशातून येणारं कुणी असेल तर त्यांना सांगा. माणशी दोन लिटर ड्युटी फ्री आणता येते. गोव्याहून डिकीत भरून आणू नका. तिथला कर भरलेली बाटली इथं बेकायदा ठरते आणि गोव्याच्या सीमेजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. आणि एका दुकानाशी कायमचा संबंध ठेवा. मोजक्या बाटल्या आल्या की त्या शेल्फवर लागतच नाहीत, दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला फोन करतो.

मनापासून सांगतो, या शोधात अमृत आणि पॉल जॉन या भारतीय सिंगल माल्टकडे दुर्लक्ष करू नका. बंगळुरूच्या अमृतनं आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये आधी ग्लासगोत विकायला काढली, बंगळुरूत ती आली २०१० मध्ये. म्हणजे आपलीच व्हिस्की आपल्याला सहा वर्षं मिळत नव्हती! अमृत फ्यूजनमध्ये स्कॉटलंडची पीट केलेली (दलदलीतल्या मातीच्या धुरावर वाळवलेली) बार्ली आणि भारतीय बार्ली दोन्ही असतात. धुराची हलकी चव आवडत असेल तर मी तिच्यापासूनच सुरुवात करायला सांगेन.

व्हॉट्सॲपवर ‘ड्युटी फ्री माल, घरपोच’ म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. मी एकदा फसलोय. बाटली खरी होती, खोकं खरं होतं, आत भलतंच काही भरलेलं. अशा रिकाम्या बाटल्या भंगारातूनच मिळतात. त्यामुळे घरची महागडी बाटली संपली की आता मी लेबल खरवडून, झाकण ठेचून मगच ती टाकतो. तुम्हीही तेवढं करा.