पार्टनर व्हिसावर मेलबर्नला आलेल्या माझ्या बायकोला इंग्रजी बोलायला जमत नाही. फुकट क्लास असतो का?

हो, असतो. अ‍ॅडल्ट मायग्रंट इंग्लिश प्रोग्रॅम, म्हणजे एएमईपी. ऑस्ट्रेलियन सरकार तो १९४८ पासून चालवतंय. कायम रहिवाशांबरोबर ८२० आणि ३०९ या तात्पुरत्या पार्टनर व्हिसावाल्यांनाही तो मिळतो. पूर्वी ५१० तासांची मर्यादा होती, ती २०२१ मध्ये काढली. आता कामापुरतं इंग्रजी येईपर्यंत शिकता येतं. नोंदणीला मात्र मुदत असते, म्हणून आल्याआल्या जवळच्या केंद्रात जाऊन नाव घाला.

मूल लहान आहे म्हणून अनेकजणी जातच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. शाळेत न जाणाऱ्या मुलांना वर्गाच्या वेळेत सांभाळायची सोय या योजनेतच फुकट आहे! केंद्रात स्वतःहून विचारा. वर्गात जाणं शक्यच नसेल तर ऑनलाइन शिकता येतं, किंवा स्वयंसेवक शिक्षक मिळतो.

पुढे नोकरी शोधताना वाचन-लेखन, आकडेमोड, कॉम्प्युटर कच्चं वाटलं तर 'स्किल्स फॉर एज्युकेशन अँड एम्प्लॉयमेंट' ही वेगळी योजना आहे. पण आधी एएमईपी. आणि पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा, फक्त चाचणीत तिच्या वतीने उत्तरं देऊ नका; पातळी चुकीची ठरली तर वर्गही चुकीचा मिळेल.