रिसेप्टर सिग्नलिंगमध्ये नवीन आहात? आधी एवढं सांभाळा

लॅबमध्ये रुजू झालात, अभिनंदन! शंभर पेपर वाचत बसू नका. एकच रिसेप्टर (बाहेरचा संकेत पकडणारं पेशीचं प्रथिन) धरा. मी ईजीएफआर सुचवेन, म्हणजे ईजीएफ या ग्रोथ फॅक्टरचा (पेशीला वाढ म्हणून सांगणाऱ्या प्रथिनाचा) रिसेप्टर. फुफ्फुसाच्या काही कर्करुग्णांना जेफिटिनिब हे औषध इतकं छान का लागू पडतं, याचं उत्तर २००४ मध्ये याच रिसेप्टरमधल्या म्युटेशनमध्ये सापडलं. रेणूपासून रुग्णापर्यंतची अख्खी वाट इथे दिसते.

बाकी सगळं हाताच्या सवयीवर:

- पेशी आदल्या रात्री सीरमशिवाय ठेवा. नाहीतर सीरममधले ग्रोथ फॅक्टर सिग्नल आधीच चालू ठेवतात आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) कंट्रोलची, म्हणजे ईजीएफ न घातलेल्या पेशींची, पट्टीही गडद येते.
- ईजीएफ घातलं की नजर घड्याळावर. ईआरके या सिग्नल पुढे नेणाऱ्या प्रथिनावरचं फॉस्फेट (ते चालू झाल्याची खूण) ५-१० मिनिटांत चढतं, मग बहुधा उतरू लागतं. वेळ झाली की प्लेट थेट बर्फावर. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम रोखणारं रसायन) आयत्या वेळी घाला. माझे पहिले दोन महिने यातच गेले: बफर जुनं, पट्ट्या कोऱ्या, आणि मी अँटिबॉडीला दोष देत होतो.
- फॉस्फो-ईआरकेशेजारी एकूण ईआरके दाखवाच.

बायस्ड सिग्नलिंग (एकाच रिसेप्टरमधून काही सिग्नल इतरांपेक्षा जास्त चालू होणं) वगैरे सध्या राहू द्या. पहिला टाइम कोर्स (ठरावीक वेळांना नमुने घेण्याचा प्रयोग) तीनदा सारखा आला की लिहा, पुढचं बोलू.